खुशाली कळते, बातमी कळत नाही

गाव सोडून गेलेल्या माणसाला आज घरचे चेहरे रोज दिसतात, आवाज रोज ऐकू येतात, आणि तरीही घर नेमकं कसं चाललंय हे त्याला ठाऊक नसतं. अणदूरसारख्या गावात हे फार जवळून दिसतं. तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं, नळदुर्गच्या पुढचं हे गाव. शिकलेली मुलं सोलापूर, पुणे, हैदराबाद धरतात. काही त्याही पुढे परदेशी जातात. मागे राहतात आई-वडील, एखादा भाऊ, आणि सातबाऱ्यावर सगळ्यांच्या नावे असलेली, पण कसायला एकट्या भावाच्या अंगावर पडलेली जमीन.

या दोन टोकांमधलं बोलणं ठरून गेलेलं आहे. जेवलास का, पाऊस हाय का तिकडं, नातीकडं दे की फोन. शेवटी, इकडची काळजी करू नको, समदं बरं हाय. त्याच आठवड्यात काढणीला आलेलं सोयाबीन भिजून शेंगेतच कोंब फुटलेले असतात. सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, राहून गेलेलं असतं. वडिलांच्या साखरेच्या गोळ्या संपून दहा दिवस झालेले असतात आणि बांधावरून चुलत्याशी बोलणं बंद पडलेलं असतं. यातलं काहीही फोनवर येत नाही. कुणी खोटं बोललेलं नसतं, फक्त सांगितलेलं नसतं.

हे न सांगणं आपण माया समजून खपवून घेत आलो. पण मराठवाड्यातल्या शेतकरी घरांना ते आता परवडणारं नाही. दुष्काळ, अतिवृष्टी, पडलेला भाव ही संकटं बाहेरून येतात. बातमी अडण्याचं संकट घरातच तयार होतं आणि बाहेरच्या प्रत्येक संकटाची झळ वाढवतं.

पूर्वीची पत्रं फार खरी बोलत, असाही समज करून घेऊ नये. कित्येक घरांत लिहिता येणारं माणूस नसायचं. गावातला मास्तर किंवा शाळेत जाणारं पोर लिहून द्यायचं, आणि पोस्टकार्ड तर वाटेत कुणालाही वाचता यायचं. अशा कार्डावर सावकाराचं देणं कोण लिहिणार? मृत्यूची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडायचा आणि फारच तातडी असली तर तार करायची, अशी रीत होती. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. पोस्टकार्ड कागदोपत्री आहे, घरातून गेलं. मात्र त्या पत्रात दोन गोष्टी होत्या. मायना, खुशाली, पीकपाणी, जनावरं, आजारपण, देणंघेणं, निरोप असा त्याला एक क्रम होता. लिहिणारा एकेका कप्प्यापाशी थांबायचा आणि तो कप्पा रिकामा राहिला तर वाचणाऱ्याच्या लक्षात यायचं. दुसरं म्हणजे पत्र उरायचं. गेल्या वर्षी काय लिहिलं होतं ते काढून बघता यायचं.

विल्यम थॉमस आणि फ्लोरियान झ्नानिएत्स्की या दोन अभ्यासकांनी पोलंडच्या शेतकरी कुटुंबांनी अमेरिकेत गेलेल्या आपल्या माणसांशी केलेला पत्रव्यवहार गोळा केला आणि 1918 ते 1920 या काळात त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या पत्रांत आरंभी देवाचं नाव, मग एकेकाचा नमस्कार, एकेकाची खुशाली येते. आपण दूर असलो तरी एक घर आहोत हे पुन्हा पुन्हा सांगणं, हेच अशा पत्राचं मूळ काम, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्या रविवारच्या फोनचंही मूळ काम तेच आहे. त्यामुळे खुशालीला कमी लेखायचं कारण नाही. घर तिच्यावरच उभं असतं. अडचण सुरू होते ती खुशालीनंतर पुढे काहीच येत नाही तेव्हा.

आयर्लंडचा अनुभव इथे लावून पाहण्यासारखा आहे. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला, पाठोपाठ दुष्काळ आला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यानंतर तिथल्या शेतकऱ्यांत एक रीत पक्की होत गेली. शेताचे तुकडे करायचे नाहीत, ते एकाच मुलाकडे जाईल, बाकीच्यांनी बाहेरची वाट धरायची. ही रीत कठोर होती. घरी राहिलेल्यालाही बाप हातात शेत देईपर्यंत अर्धं आयुष्य लग्नाविना काढावं लागे. पण बोस्टनला गेलेल्या भावाला एक गोष्ट स्वच्छ माहीत होती, की त्या शेतावर आता आपला हक्क नाही. घरची बातमी त्याला जिव्हाळ्यापोटी हवी असायची. ती न कळल्यानं व्यवहार अडत नसे.

आपल्याकडे कायदा उलट आहे आणि तो न्यायाचा आहे. गाव सोडल्यानं हिस्सा कमी होत नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाली आणि मुलीलाही वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात तो आणखी स्पष्ट केला. म्हणजे पुण्यातला मुलगा, सोलापुरात दिलेली मुलगी आणि अणदुरात नांगर धरणारा भाऊ हे सारखेच वाटेकरी. जमीन मात्र आटत चालली आहे. महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी जमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषिगणनेत ती 1.34 हेक्टरवर आली. एवढ्याशा जमिनीवर मालकी सगळ्यांची आणि माहिती एकाचीच, अशी आजची स्थिती आहे. ज्याच्याकडे माहिती आहे त्याला ती ओझं वाटते. ज्यांच्याकडे नाही त्यांना संशय येतो.

एखादा सातबारा समोर घेऊन बघा. नमुना सातमध्ये आजोबांच्या नावाला कंस झालेला असतो आणि खाली पाच-सात वारसांची नावं सामायिकात. काही घरांत तर आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांचंच नाव चालू असतं. जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवून फेरफार करून घ्यायला हवा. ते कुणी केलेलं नसतं. इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुठे विहिरीतला हिस्सा, कुठे बहिणीच्या हक्काची नोंद. खाली नमुना बारामध्ये पिकं. 2021 पासून ती शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर नोंदवायची आहेत. नोंद राहिली तर रान पडीक दिसतं आणि पुढचं अनुदान अडतं. घराची इतकी नेमकी बातमी देणारा दुसरा कागद नाही. ज्या मोबाईलवर आईचा चेहरा दिसतो त्याच मोबाईलवर हा उताराही निघतो. तरीही बाहेर राहणाऱ्या किती वाटेकऱ्यांनी गेल्या वर्षभरात आपला गट नंबर टाकून तो उघडून पाहिला असेल?

आता बातमी अडल्यावर काय होतं ते एकेक पाहू. पहिला फटका शेतीला. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्य आणि केंद्राच्या सवलतीमुळे ते बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की सवलत जाते, खातं थकीत होतं, नवं कर्ज मिळत नाही, आणि पेरणीच्या तोंडाला माणूस खाजगी सावकाराच्या दारात उभा राहतो. नवं-जुनं करायला थोडे दिवस रक्कम फिरवायची असते. शहरातल्या भावाला ती जमण्यासारखी असते. त्याला कळतं ते जप्तीची भाषा सुरू झाल्यावर. पीकविम्याचंही तसंच. खरीप 2023 पासून एक रुपयात विमा होता, पण पाण्यानं रान बुडालं तर 72 तासांत कळवायची अट होती. साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याला त्यासाठीचं अ‍ॅप चालवता येत नव्हतं. पुण्यातल्या मुलाला ते अर्ध्या तासाचं काम होतं, पण पीक गेलेलं त्याला दिवाळीला आल्यावर कळलं. विम्याचे नियम 2025 पासून बदलले. मुदती चुकण्याचं कारण बदललेलं नाही. 2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून पुष्कळ कमी भावानं माल घालावा लागला. फोनवर मात्र 'सोयाबीन घातलं' एवढंच सांगितलं गेलं. काय भावानं घातलं, खर्च निघाला का, हे विचारायचं राहिलं आणि सांगायचंही.

दुसरा फटका म्हातारपणाला. अणदुरात डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. त्यांच्या कामातून गावोगावच्या, कित्येकदा अल्पशिक्षित बायका 'भारतवैद्य' म्हणून तयार झाल्या; घरोघर जाऊन प्राथमिक उपचार करणं, धोक्याची लक्षणं ओळखणं, वेळेवर दवाखान्यात पाठवणं हे त्यांनी करून दाखवलं. गावातल्या माणसाची तब्येत गावातल्याच कुणाला तरी माहीत असली पाहिजे, या विचारावर ते काम उभं आहे. त्या बाईला जे दिसतं ते मुलाला कळत नाही, कारण मधला माणूस, म्हणजे आई किंवा वडील, ते पुढे जाऊ देत नाही. रक्तदाब वाढला, गोळी बंद केली, डोळ्याला कमी दिसायला लागलं, या बातम्या आठ-आठ महिने घरात मुरतात. मग एके रात्री अकराला फोन येतो आणि तो एकच गोष्ट सांगतो, लगेच नीघ.

तिसरा फटका भावकीला. घरी राहिलेल्या भावाला वाटतं, सगळं मीच ओढलं. बाहेरच्याला वाटतं, इतक्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब कुठाय? बटईनं रान दिलं त्याचं काय ठरलं होतं, बोअरला किती गेले, विहिरीच्या मोटारीचं बिल कुणी भरलं, बाहेरच्यानं दरवर्षी पाठवलेले पैसे कशात गेले, याची कुठे नोंद नसते. एकमेकांना लुबाडलेलं बहुधा कुणीच नसतं. पण वडील गेल्यावर तेराव्याला विषय निघतो आणि वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात जाऊन पडतो. तिथे एक पिढी सहज संपते.

याहून जड एक गोष्ट आहे. शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण पाहून राज्य सरकारनं 2015 मध्ये बळीराजा चेतना अभियान दोन जिल्ह्यांत सुरू केलं, एक यवतमाळ आणि दुसरा अणदूर ज्यात येतं तो आपला जिल्हा. आत्महत्येचं कारण एकच कधी नसतं. पण अशा घरात गेल्यावर, कर्जाचा खरा आकडा आम्हाला मागाहून कळला, हे वाक्य ऐकू येतं. पत्नीला निम्माच ठाऊक, भावाला त्याहून कमी, आणि मुलाला काहीच नाही. ज्या माणसाला आकडा उच्चारायला घरात एकही जागा उरत नाही त्याच्यावर तो आकडा किती दाब टाकतो, याचा विचार बाहेर राहणाऱ्या प्रत्येकानं करायला हवा.

मोठी आपत्ती लपत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भूकंपानं हादरलं तेव्हा दूर असलेल्यांना रेडिओनं सांगितलं. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्याकडे पाणी घुसलं ते साऱ्यांनी टीव्हीवर पाहिलं आणि लगोलग घरी फोन लावले. पण विहिरीचं पाणी दरवर्षी थोडं थोडं खाली जातं, देणं हळूहळू चढतं, आईचं गुडघ्याचं दुखणं तिला हळूहळू घराबाहेर पडू देईनासं होतं. ही बातमी कुठलीही वाहिनी देत नाही. ती घरानंच द्यायची असते.

मग घर ती का देत नाही? मायेचा भाग खराच, पण तो सगळा नाही. घरी राहिलेल्याला वाटतं, पीक गेलं म्हणजे आपणच उणे ठरलो. भाऊ पगारावर, आपण पावसावर. त्यात पुन्हा नापास झाल्याचं कशाला सांगा? त्याला भीतीही असते, की अडचण सांगितली तर 'विकून टाकू' हा विषय निघेल. बाहेरचाही मोकळा नसतो. घराचे हप्ते, कंपनीतली टांगती तलवार, मुलांच्या शाळेची फी यातलं तो काही गावाला कळू देत नाही. त्याच्या सुखवस्तूपणाचा गावात बोलबाला असतो, म्हणून त्याच्याकडे मागायला संकोच. आणि त्यानं नाही म्हटलं तर राग. दोन्हीकडून झाकपाक चालते आणि दोघंही एकमेकांविषयी चुकीच्या समजुतीवर निर्णय घेतात. त्यातच माध्यम असं, की व्हिडिओ कॉलवर मागे सून, नातवंडं, शेजारी. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर जावयापासून आत्याच्या नातवापर्यंत सगळे. तिथे अवघड गोष्ट बोलायची सोयच नाही.

'सांगून तरी तो तिकडून काय करणार, उगाच जिवाला घोर,' असं आई म्हणते. तिला एवढंच सांगायला हवं, की न कळल्यानं घोर टळत नाही, तो फक्त उशिरा आणि एकदम पडतो. पण बाहेरच्यांनीही स्वतःकडे पाहावं. घरून अवघड बातमी आली की आपण काय करतो? 'मी तेव्हाच सांगत होतो, सोयाबीन करू नका,' इथून सुरुवात करतो. प्रश्न विचारायच्या आधी हुकूम सोडतो, डॉक्टर बदला, रान बटईनं देऊन टाका. एकदा असा अनुभव आला की घरचं माणूस पुढच्या वेळी 'समदं बरं हाय' म्हणतं. बातमी हवी असेल तर ती निमूट ऐकून घेण्याची तयारी आधी दाखवावी लागते.

आणि जे ठरतं, कळतं ते लिहून ठेवल्यानं विश्वास कमी होत नाही, याचं एक उत्तम उदाहरण याच गावात आहे. अणदूरचा खंडोबा वर्षभर एका जागी राहत नाही. सव्वादहा महिने तो अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात. देव हलवताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो आणि मगच मूर्ती पुढे जाते. दोन गावांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून हा कागद होतो, असं कुणी म्हणत नाही. विश्वास पिढ्यान् पिढ्या टिकावा म्हणून तो होतो. देवाच्या बाबतीत जे शहाणपण आपण पाळतो ते जमिनीच्या आणि माणसांच्या बाबतीत पाळायला कमीपणा का वाटावा?

करायचं ते अवघड नाही. दिवाळीला किंवा खंडोबाच्या यात्रेला सगळे घरी येतात. त्यातली एक सकाळ राखून ठेवावी. सातबारा, आठ-अ, कर्जाचा खातेउतारा, विम्याची पावती, आई-वडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि हातउसन्यांची यादी समोर मांडावी. काय आलं, काय गेलं, काय देणं आहे हे एका कागदावर लिहावं आणि प्रत्येकानं त्याची प्रत न्यावी. बाहेरच्यानंही आपला खरा हिशेब त्यात सांगावा. बहिणींना हक्कसोडीवर सही करण्यापुरतं बोलवू नये, या बैठकीला बोलवावं. घरातल्या बाईला बोलू द्यावं. दुधाचे पैसे, बचत गटाचा हप्ता, कोण आजारी आणि कुणाचे किती उसने, हे तिलाच सगळ्यांत जास्त ठाऊक असतं आणि तिलाच कुणी विचारत नाही. घरी राहून जो राबतो त्याच्या श्रमाचा मोबदला त्या कागदावर स्पष्ट लिहावा. वर्षभर मग महिन्यातून एक फोन फक्त घरच्या भावाला करावा, चेहरा न दाखवता, आजूबाजूला कुणी नसताना. पीक, पाणी, देणं, दुखणं हे चार प्रश्न ठरवून विचारावेत.

याला फार वेळ उरलेला नाही. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले, रानात वाढून शहरात गेलेले लोक दोन्ही टोकं ओळखतात. कुठला बांध कुणाचा, कुठल्या विहिरीत आपला किती हिस्सा, आमराई कुणाच्या वाट्याला आली होती, हे त्यांना अजून आठवतं. त्यांची मुलं पुण्या-मुंबईत जन्मली आहेत. त्यांना गट नंबर माहीत नाही आणि चुलतभावाचा फोन नंबरही नाही. दरम्यान महामार्ग चौपदरी झाला, कडेच्या जमिनींचे भाव चढले, दलाल हिंडू लागले. भूसंपादनाची वेळ आली की नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला निघते, मग ते नाव पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं का असेना. मोबदला वारसांच्या भांडणात अडकतो आणि जमीन मात्र जाते.

घरानं वेळेवर दिली नाही ती बातमी पुढे नोटीस देते. कधी बँकेची, कधी तहसीलची, कधी कोर्टाची. त्या कागदात माया नसते, मुदत असते, आणि ती बहुतेक वेळा संपत आलेली असते. अणदूरच्या आणि मराठवाड्यातल्या अशा हजारो घरांपुढे आज एवढंच ठरवायचं आहे, की आपल्या घरची बातमी आपण आपल्या माणसाच्या तोंडून ऐकणार की त्या कागदावर वाचणार. आई-वडील हयात आहेत आणि भाऊ अजून बोलतात, तोवर हे ठरवणं आपल्या हातात आहे.